राजारामपुरीच्या ट्यूबलाइटवरची पाखरं

कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलं आहे: लहानपणी पावसाळ्यात सोप्यातल्या ट्यूबलाइटखाली सकाळी पाखरांचा खच झाडून काढावा लागायचा. आता एखाददुसरं दिसतं. भाऊ शिवाजी विद्यापीठाच्या मागल्या अंगाला राहतो, त्याच्याकडं अजून येतात. शहरात सिमेंट वाढलं म्हणून हे झालं का? मुलगी बी.एस्सी.ला आहे, तिला यावरच प्रोजेक्ट करायचाय. तिनं तो कसा करावा?

सिमेंटचा हात आहेच. पण मी बरीच वर्षं कोल्हापुरात आणि आसपास रात्री पांढरा पडदा लावून, त्यावर दिवा सोडून, येऊन बसणारे पतंग बघत बसतो, आणि माझं मत असं झालंय की ‘सिमेंट किती’ हा प्रश्न नंतरचा. शहरात जे हिरवं उरलंय त्यात पान कुठलं आहे, त्या पानाखाली माती आहे की फरशी, आणि रात्री तिथं अंधार पडतो का, हे आधी बघायचं. विमानातून सारखीच हिरवी दिसणारी दोन ठिकाणं पतंगांच्या हिशेबात एकमेकांपासून पन्हाळा आणि पंचगंगा घाटाइतकी लांब असू शकतात.

त्याआधी तुमच्या ट्यूबलाइटचं बोलू. आपल्याकडं दिव्याभोवती जे उडतं ते सगळं ‘पाखरू’. तुमच्या त्या खचात पहिल्या पावसानंतर बाहेर पडणारी पंखवाली वाळवी असणार, भुंगेरे असणार, तुडतुडे असणार. सकाळी झाडूनं गोळा होणारे ते पारदर्शक सुटे पंख बहुतेक वाळवीचेच. पतंग त्यात होते, पण सगळे पतंग नव्हते. दुसरं म्हणजे दिवा बदलला. ट्यूबलाइट आणि जुने पाऱ्याचे दिवे थोडी अतिनील किरणं बाहेर टाकतात आणि पतंगांच्या डोळ्यांना तो भाग फार लवकर दिसतो. एलईडीत अतिनील जवळजवळ नसतंच. त्यामुळं घरात एलईडी आला की पाखरं कमी झाल्यासारखी वाटतात. त्यातली किती खरोखर कमी झाली आणि किती नुसती येईनाशी झाली, हे त्या दिव्यावरून सांगता येत नाही. भावाच्या घरी कुठला दिवा आहे ते एकदा विचारा. ट्यूबलाइट असेल तर निम्मं उत्तर तिथंच मिळालं.

उरलेल्या निम्म्यासाठी पतंगाचा जन्म समजून घ्यावा लागतो. दिव्यावर येतो तो पतंग म्हणजे त्याच्या आयुष्याचा शेवटचा, बऱ्याचदा आठ-पंधरा दिवसांचा तुकडा. चांद पतंग किंवा ॲटलस यांना तर मोठेपणी खाण्यासाठी धड तोंडही नसतं. अळी असताना साठवलेल्या चरबीवर ते आठवडाभर काढतात. खरं आयुष्य अळीचं. आणि अळी फार हट्टी. पुष्कळ जातींच्या अळ्या ठराविक एक-दोन वनस्पतींची पानं खातात, दुसरं पान तोंडाला लावत नाहीत. भारतात फुलपाखरांच्या साधारण १,३०० जाती, पण पतंगांच्या १०,०००च्या वर. एवढ्या सगळ्यांची ताटं वेगवेगळी. शहर वाढतं तेव्हा पतंगाला बिल्डिंगशी काही देणंघेणं नसतं. त्याच्या अळीचं ताट उचललं गेलं की नाही एवढाच त्याचा प्रश्न.

एक साधं उदाहरण घ्या. उंबर-वडाच्या पानांवर ॲसोटा जातीच्या अळ्या वाढतात. अळीचा झालेला पतंग ओळखायला सोपा: भगवट पिवळं अंग, त्यावर काळे ठिपके, आणि राखट तपकिरी पंखावर मधोमध एक पांढरा ठिपका. जुन्या देवळाशेजारी, आडाच्या काठावर, मोडक्या भिंतीच्या फटीत उंबराचं किंवा वडाचं रोप असलं की हा पतंग भर पेठेतही भेटतो. म्हणजे आजूबाजूला शंभर मीटर नुसतं बांधकाम, आणि मध्ये एक उंबर. उलट रस्त्याकडेला गुलमोहर, सोनमोहर आणि रेन ट्रीची लांबच लांब रांग असते. सावली झकास, नकाशावर गर्द हिरवा पट्टा. ही झाडं बाहेरच्या देशांतून आलेली. त्यांच्यावर काहीच वाढत नाही असं नाही, पण तेवढ्याच जागेत उंबर, करंज, शिरीष, अर्जुन, जांभूळ, बोर असते तर पडद्यावर आलेली वस्ती पार निराळी दिसली असती. अर्जुन-ऐनाच्या पानावर टसरचा रेशीमपतंग वाढतो. रेन ट्रीवर तो उपाशी मरेल.

आता मातीचं. ही गोष्ट मला कुठल्या पुस्तकानं नाही, नागाळा पार्कातल्या एका स्नेह्यांच्या अंगणानं शिकवली. त्यांच्याकडं देवपूजेसाठी तगर आणि कण्हेर, दोन्ही. त्यावर दरवर्षी एका मोठ्या हॉक मॉथच्या, म्हणजे दणकट अंगाच्या, वेगानं उडणाऱ्या पतंगाच्या अळ्या यायच्या. डॅफ्निस नेरी हे त्याचं शास्त्रीय नाव. हिरवीगार, बोटाएवढी अळी, डोक्यामागं दोन निळसर पांढरे डोळे काढल्यासारखे, डिवचली की ते डोळे फुगवून बघते. पतंग झाला की हिरव्या-गुलाबी रंगाचं लष्करी कापड शिवल्यासारखे पंख. ही अळी पूर्ण वाढली की हिरवा रंग टाकून तपकिरी होते, झाडावरून उतरते आणि सुक्या पानांत, भुसभुशीत मातीत शिरून कोश करते.

एका उन्हाळ्यात त्यांनी अंगणात पेव्हिंग ब्लॉक घातले. चिखल नको, गाडी लावायला बरं. तगर-कण्हेर तोडली नाहीत, बुंध्याभोवती वीतभर गोल ठेवला. त्या पावसाळ्यात मी गेलो तेव्हा एक तपकिरी अळी ब्लॉकवरून चालली होती. दोन ब्लॉकच्या फटीत तोंड घालायची, सिमेंट लागलं की बाहेर काढायची, पुढच्या फटीकडं जायची. पाऊण तास मी चहाचा कप हातात धरून तिच्यामागं हिंडलो. शेवटी ती गेटखालून रस्त्यावर गेली आणि एका स्कूटीनं तिचा निकाल लावला. झाड तेच, पानं तीच, उपग्रहाला दिसणारा हिरवा ठिपकाही तोच. पण त्या अंगणातून पतंग व्हायची शक्यता बरीच आटली होती. कोल्हापुरात गेल्या काही वर्षांत असे किती बुंधे ब्लॉकमध्ये कोंडले गेले, हे रस्त्यानं जाताना तुम्हीच मोजा. वर पाला झाडून गोळा करून जाळायची सवय. पाल्याबरोबर कोश जळतात हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

मुलीच्या प्रोजेक्टसाठी हे महत्त्वाचं, कारण ती नकाशा उघडेल तेव्हा तिला हे दिसणार नाही. जमिनीवर काय आहे याचे मोफत नकाशे आता मिळतात. युरोपीय अंतराळ संस्थेचा वर्ल्डकव्हर हा २०२० आणि २०२१ सालांचा नकाशा दहा मीटरच्या चौकोनांचा आहे; इस्रोच्या भुवन या वेबसाइटवरही जमीन-वापराचे नकाशे आहेत; नकाशे हाताळायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट. पण दहा मीटरच्या चौकोनात गुलमोहर आणि उंबर दोघेही नुसते ‘झाड’. हुतात्मा पार्कातली कापलेली लॉन आणि विद्यापीठाच्या माळावरचं कुसळी गवत, दोन्ही ‘गवत’. फुलेवाडीकडचा ऊस आणि एखाद्या वस्तीमागची परसबाग, दोन्ही ‘शेती’. नकाशा वापरावाच, पण नकाशावर विसंबून निष्कर्ष काढला तर तो हमखास फसवा निघतो.

आता शहर फिरूया.

मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, महाद्वार रोडचा भाग: दाट वस्ती, भिंतीला भिंत. इथं पतंग थोडे, आणि जे आहेत ते बरेचसे घरातले. स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यात जाळी धरणारी अळी असते ना, ती कॉर्सिरा नावाच्या पतंगाची. बाथरूमच्या भिंतीवर भोपळ्याच्या बीसारखी राखाडी चपटी पिशवी सरकताना दिसते, तीही पतंगाचीच अळी. केस, कोळिष्टकं, कपड्याचा भुगा खाऊन राहते आणि पिशवी सोबत घेऊन हिंडते. माणसाच्या घराशी जुळवून घेतलेले असे पतंग जगभर सगळ्या शहरांत साधारण सारखेच. म्हणून दाट शहराचं एक लक्षण असं की दोन लांबच्या शहरांचे पतंग एकमेकांसारखे होत जातात, आणि आपल्याच शहराबाहेरच्या माळावरच्या पतंगांपासून तुटतात.

ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी हा जुन्या बंगल्यांचा भाग याहून बरा, पण तो बरेपणा बंगल्यागणिक बदलतो. कंपाउंडला गुळवेल चढलेली असेल तर फळं टोचणाऱ्या युडोसिमा पतंगाची अळी मिळू शकते. तिला बघाच, अंगावर डोळ्यांसारखे गोल, आणि बसायची ढब अशी की ही अळी आहे यावर विश्वास बसत नाही. शेजारच्या बंगल्यात सगळीकडं कोरियन कार्पेटचं गवत आणि कुंड्यांतले पाम असतील तर तिथं शांतता. मधलं अंतर एका भिंतीचं.

शेवग्याचं झाड असेल तर केसाळ सुरवंटांचा किस्सा प्रत्येक घरात आहे. युप्टेरोट जातीचे हे सुरवंट दिवसा बुंध्यावर घोळक्यानं बसतात, अंगाला लागले की खाज. लोक टेंभा पेटवून भाजून काढतात. मी तसं करू नका असं सांगतो आणि कुणी ऐकत नाही. खाज मलाही सुटते, त्यामुळं फार आग्रहही धरत नाही.

बागांबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही. टाऊन हॉलच्या बागेसारखी जुनी, मोठ्या झाडांची बाग वेगळी. पण नव्या बागा म्हणजे लॉन, फरशीचा जॉगिंग ट्रॅक, कडेनं कापून चौकोनी केलेलं कुंपण, आणि रात्री दहापर्यंत झगझगीत दिवे. पतंगांच्या दृष्टीनं त्यापेक्षा कॉलनीतला वर्षानुवर्षं न बांधलेला मोकळा प्लॉट कितीतरी श्रीमंत. ज्यावर लोक कचरा टाकतात आणि नगरसेवकाकडं तक्रार करतात, तोच. तिथं टाकळा उगवतो, एरंड उगवतो, माठ, आघाडा, रुई, घोळ, बेशरम, नाना तऱ्हेची गवतं. एरंडाच्या पानाला भोकं पाडणारी उंटासारखी पाठ वाकवत चालणारी अळी बघितली असेल. तो अकिआ जनाता नावाचा पतंग, मागच्या पंखावर काळं-पांढरं नक्षीकाम. माठ-राजगिऱ्यावर स्पोलाडिआ हा छोटा गडद पतंग, पंखांवर पांढरे आडवे पट्टे. बेशरमीवर आणि रताळ्याच्या वेलावर मोठा ॲग्रिअस. त्याची सोंड अंगापेक्षा लांब, उडता उडता फुलासमोर थांबून मध ओढतो. या जाती दुर्मीळ नव्हेत. पण एका गुंठ्यात एवढी ताटं मांडलेली शहरात दुसरीकडं सापडायची नाहीत. प्लॉट बांधला गेला की एका पावसाळ्यात सगळं आवरतं. आर. के. नगर, पाचगावच्या बाजूला हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. जयंती नाल्याच्या काठची झुडपंही अशीच, कुणी लावली नाहीत म्हणून टिकलेली. नाला घाण आहे हे खरंच. पण झुडपांचा तो पट्टा शहराच्या पोटातून पंचगंगेपर्यंत जातो, आणि ज्या पतंगांना उघड्या डांबरावरून शंभर मीटर उडायला नको वाटतं त्यांना तोच रस्ता.

विद्यापीठ म्हणजे साडेआठशे एकरांच्या आसपासचा परिसर. माळ, झुडपं, तळी, लावलेली झाडं, इमारती, सगळं एकात एक. तुमच्या भावाकडं पाखरं येतात यात नवल काही नाही. पण तिथंही निलगिरी-ग्लिरिसिडियाच्या दाट लागवडीखाली लावलेला पडदा आणि बोर-करवंदाच्या उघड्या माळावर लावलेला पडदा यांत मला माळाचा पडदा जास्त बोलका वाटतो. माळाला ‘पडीक’ म्हणायची आपली सवय आहे. गवतावर वाढणाऱ्या पतंगांच्या जाती झाडांवरच्यांपेक्षा कमी महत्त्वाच्या असं कुणी ठरवलं?

आणि शहराबाहेरचा ऊस. इथं नवखे लोक हमखास चुकतात. त्यांना वाटतं, शहराबाहेर हिरवंगार शेत म्हणजे पतंगांची चैन. बावडा, शिंगणापूरकडं उसाच्या फडाजवळ पडदा लावा, पतंग भरपूर येतील; पण बारकाईनं बघा, त्याच त्या दोन-चार जाती. खोडकीड, कांडीकीड, शेंडेकीड या तिन्ही उसाच्या किडी म्हणजे पतंगांच्याच अळ्या. मैलोगणती एकच पीक म्हणजे एकच ताट, आणि त्या ताटावर बसणारे थोडे पण पोटभर. वर शेतकरी ट्रायकोकार्ड लावतो, त्यावरच्या चिमुकल्या गांधीलमाशा किडीची अंडी मारतात. गंमत म्हणजे त्या माशा वाढवतात कॉर्सिराच्या, म्हणजे आपल्या तांदळातल्या पतंगाच्या अंड्यांवर. एकूण काय, आलेले पतंग मोजणं आणि जाती मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी. उसाचा पडदा पहिल्या मोजणीत जिंकतो, दुसऱ्या मोजणीत जुन्या बंगल्याची परसबागही त्याला हरवू शकते. शहर म्हणजे वाईट आणि गाव म्हणजे चांगलं हे गणित कोल्हापुरात तरी चालत नाही. आपल्या शहराला जंगलाचा वेढा नाही, उसाचा आहे. जंगल बघायला दाजीपूर, आंबा, गगनबावड्याला जावं लागतं.

तळ्यांवर थोडक्यात: काही पतंगांच्या अळ्या पाण्यात राहतात, पाणवनस्पतीच्या पानाचे तुकडे कापून त्यांचं घर करतात. काठ दगडानं बांधून काढला की कडेच्या वनस्पती जातात आणि केंदाळ तेवढं उरतं. रंकाळा आणि कळंबा यांची तुलना मुलीनं जरूर करावी.

बाहेरच्या देशांत यावर बरंच काम झालंय, त्यातलं दोन-तीन मला आपल्याकडंही लागू वाटतं. बेल्जियममध्ये २०१८ साली आलेल्या अभ्यासात दिसलं की अगदी बारीक पतंग सोडले तर शहरात उरणारे पतंग सरासरीनं आकारानं जास्त मोठे असतात. शहर गरम, आणि उष्णतेत किडे लहान होतील अशी अपेक्षा असते. पण पतंगांत मोठा म्हणजे लांब उडणारा, आणि तुकड्या-तुकड्यांत विखुरलेल्या हिरव्यात टिकायला लांब उडावं लागतं. म्हणजे शहर चाळणीसारखं काम करतं: काहीही खाणारे आणि लांब उडणारे राहतात, एकाच पानावर अडून बसणारे आणि घरकोंबडे गळतात. आणखी एक गळणारा गट म्हणजे दगडफुलावर वाढणारे पतंग. सायाना वगैरे, पांढऱ्या पंखांवर लाल-केशरी रेघा, फार देखणे. त्यांची अळी झाडाच्या सालीवरचं, भिंतीवरचं दगडफूल खाते, आणि दगडफूल दूषित हवेत टिकत नाही. रहदारीच्या चौकातल्या झाडाची साल आणि पन्हाळ्याच्या वाटेवरच्या झाडाची साल हात फिरवून बघा, मी काय म्हणतो ते कळेल.

अंधाराबद्दल. पतंग दिव्याकडं का येतात याचं बऱ्यापैकी पटणारं उत्तर २०२४ साली मिळालं. वेगवान कॅमेऱ्यानं चित्रण केल्यावर दिसलं की उडणारा किडा पाठ नेहमी उजेडाकडं ठेवतो. लाखो वर्षं रात्रीचा उजेड म्हणजे आभाळ, त्यामुळं पाठ उजेडाकडं म्हणजे पाठ वर. आता दिवा शेजारी आला की तो तिकडं पाठ करतो, कलतो, आणि त्या दिव्याभोवती घिरट्यांत अडकतो. बिचारा ओढला जात नाही, त्याचं वर-खाली हरवतं. त्या प्रयोगात असं न कलणाऱ्या मोजक्या किड्यांत आपला तगरीवरचा डॅफ्निस होता, हे वाचून मला उगीच घरचं कुणी पास झाल्यासारखं वाटलं.

दिव्याची खरी हानी मात्र आपल्याला दिसत नाही. इंग्लंडमध्ये २०२१च्या अभ्यासात रस्त्यावरच्या दिव्यांखालच्या कुंपणझुडपांत अंधाऱ्या झुडपांपेक्षा ४७ टक्के कमी अळ्या मिळाल्या, गवताच्या कडेला ३३ टक्के कमी; आणि पांढऱ्या एलईडीखाली परिणाम जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांपेक्षा तीव्र होता. म्हणजे एलईडीवर पाखरं कमी येतात म्हणून तो निरुपद्रवी असं समजायचं नाही. झुडूप आहे, पान आहे, माती आहे, पण रात्रभर दिवसासारखा उजेड. मादी तिथं अंडी घालायला कचरत असावी, अळ्यांचं खाणंही बिघडतं. स्वित्झर्लंड-फ्रान्समधल्या एका जातीत तर उजेडाच्या शहरी भागातून आणलेल्या अळ्या प्रयोगशाळेत वाढवल्यावर त्यांचे पतंग दिव्याकडं सुमारे ३० टक्क्यांनी कमी गेले. पिढ्यान्‌पिढ्या दिव्यावर जाणारे मरत गेले, न जाणारे उरले. तुमच्या राजारामपुरीत असं काही झालंय का हे कुणी तपासलेलं नाही. तुमची मुलगी तपासू शकेल, पण तो पीएच.डी.चा विषय, बी.एस्सी.चा नव्हे.

तर बी.एस्सी.चा प्रोजेक्ट. तिला सांगा, जागा कमी घे पण प्रत्येक प्रकारच्या किमान दोन-तीन घे. एक पेठ आणि एक विद्यापीठ अशी तुलना केली तर फरक सिमेंटचा की त्याच एका जागेचा, हे कधीच कळत नाही. दाट वस्ती, जुने बंगले, मोकळे प्लॉट, माळ, उसाचा बांध, असे पाच प्रकार पुष्कळ झाले. दिवा सगळीकडं एकच, पडदा एकाच मापाचा, वेळ एकच; सात ते दहा धरा, कारण मुलीला घरीही यायचंय आणि काही जाती उशिरा येतात हे अहवालात लिहिलं की झालं. एका रात्री एक जागा केली तर हवामान आडवं येतं, म्हणून मैत्रिणीला दुसरा संच द्यावा आणि दोन प्रकारच्या जागा एकाच रात्री कराव्यात.

पडदा साधारण १० ते ३० मीटरच्या आतलेच पतंग ओढतो, किलोमीटरभरचे नव्हे. त्यामुळं भोवतीच्या ५० मीटरमधली प्रत्येक झाड-झुडपाची यादी हातानं करायची. हे काम कंटाळवाणं आहे आणि प्रोजेक्टचा जीवही तोच आहे. नकाशावरचे १००, २५० आणि ५०० मीटरचे गोल नंतर काढावेत. लांब उडणाऱ्या हॉक मॉथला मोठा गोल लागू पडतो, बारीक पतंगांना छोटा. एक सापळा लक्षात ठेवायला हवा: शेजारी हायमास्ट, म्हणजे चौकातला उंच खांबावरचा झगझगीत दिवा असेल तर आपला दिवा फिका पडतो आणि पतंग असूनही पडद्यावर येत नाहीत. उजेड मोजायचं यंत्र नसेल तर मोबाइलवरचं ॲप चालेल, ढोबळ आकडा पुरतो. पंचगंगेकाठच्या जागा घेतल्यात तर महापुराचं वर्ष वेगळं धरा. २०१९ आणि २०२१सारखं पाणी जिथं चढतं तिथल्या मातीतल्या कोशांचं काय होत असेल याचा विचार करा.

दिव्याखेरीज एक कोल्हापुरी उपाय आहे. काही पतंग दिव्याला भीक घालत नाहीत, पण गोडावर मरतात. पिकून काळी पडलेली केळी, चांगला चिक्कीचा गूळ, थोडी बिअर, असं कालवून दोन दिवस आंबवायचं आणि संध्याकाळी झाडाच्या बुंध्याला फासायचं. उजेडाची भानगड त्यात येत नाही, त्यामुळं झगमगत्या भागातली तुलना यानं जास्त प्रामाणिक होते. मुंग्यांची तयारी ठेवा.

आकडे मांडताना नुसत्या जाती मोजून थांबू नये. विविधतेचा फिशर अल्फा म्हणून एक निर्देशांक आहे. १९४३ साली फिशर, कॉर्बेट आणि विल्यम्स या तिघांनी तो मांडला आणि त्यातले विल्यम्स इंग्लंडात रोथमस्टेडला प्रकाश सापळ्यात पतंगच मोजत होते. उसावर एकाच जातीचे ढीगभर आणि माळावर नाना जातींचे थोडे-थोडे, ही अडचण या निर्देशांकानं बरीच सुटते. ओळख पटवायला हॅम्पसनचे १८९२ ते १८९६ दरम्यानचे चार खंड अजून उपयोगी आहेत, पण नावं बरीच बदललीत. मॉथ्स ऑफ इंडिया ही वेबसाइट आणि फोटो टाकून ओळख विचारता येते ते आयनॅचरलिस्ट बघावं. जातीपर्यंत ओळखता आलं नाही तर ‘बारीक तपकिरी क्रमांक ४’ असं लिहून फोटो ठेवायचा. सगळे तेच करतात, मीही. मारायची गरज नाही. पहाटेपर्यंत बसलात तर उजाडायच्या आत दिवा बंद करून पडदा हलकेच झटका, नाहीतर कोतवाल आणि बुलबुल येऊन आयता नाश्ता करतात. एकदा मी डुलकी काढली आणि उठलो तर पडद्याखाली नुसते पंख.

महिना कोणता? जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात जगभर पतंग सप्ताह असतो, पण कोल्हापुरात तेव्हा झड लागलेली असते. रिपरिप आणि वारा नसलेली ढगाळ रात्र उत्तम, धो धो पाऊस बेकार. जूनचा मध्य आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबर धरावा. रात्र अमावास्येच्या आसपासची, कारण चांदण्यात पडदा ओस पडतो.

इथंच एक सावधगिरी. पाचगावच्या एका मोकळ्या प्लॉटवर मी अमावास्येच्या रात्री काठ्या रोवून पांढरी चादर बांधली, दिवा लावला, शेजारच्या झाडाला गूळ-केळ्याचं कालवण फासलं आणि गुडघे टेकून भिंगातून बघत बसलो. अर्ध्या तासात दहा-बारा माणसं जमली. एक आजी लांबूनच ओरडल्या, “कुणाच्या घरावर करणी करायलाईस रं?” समजावता समजावता तोंडाला फेस आला. शेवटी चादरीवर एक मोठा हॉक मॉथ बसला, तो हातावर घेऊन आजींच्या नातवाला दाखवला, तेव्हा कुठं मंडळी जवळ आली. रात्री अकराला त्याच आजींनी चहा पाठवला. मुलीला म्हणावं, प्लॉटच्या चारी बाजूंच्या घरांत आदल्या दिवशीच जाऊन सांगून ये, आणि कॉलेजचं पत्र खिशात ठेव.